पाण्यावरचा भोपळा

आसगाव, ता. पवनी
१८ फेब्रुवारी १९७९

चि. लीलास, अनेक आशीर्वाद.

तुझी तिळगुळाची पुडी पोचली. उत्तराला महिना लागला, रागावू नकोस. तू सुतळीला अशी निरगाठ मारतेस की ती मला काही सुटेना. शेवटी नत्थू ढिवराने दातांनी सोडली आणि मजुरी म्हणून चार वड्या तिथेच खाल्ल्या.

तुझी सीतावहिनी गेली त्याला या फाल्गुनात चार वर्षे होतील. शाळेतून निवृत्त झालो त्यालाही तीन झाली. श्रावण मोहाडीला तहसील कचेरीत आहे. तो आणि सूनबाई मंदा महिन्यातून एकदा येतात आणि जाताना 'आता चला' म्हणतात. मी म्हणतो, पुढच्या वेळी. सकाळचा माझा वेळ तलावावर जातो. नत्थूचा जुना डोंगा मी घेतला, हे तुला मागे लिहिले होतेच. एका खोडातून कोरलेला आहे, मधल्या फळीवर एक माणूस बसेल एवढाच. दोन तास गळ टाकून बसतो. मासा लागो न लागो, दिवसाला सुरुवात होते.

अडचण एकच, डोंगा एका जागी राहत नाही. जरा वारा आला की मला शिंगाड्याच्या वेलांत नेऊन घालतो. तू कॉन्व्हेंटात असताना गर्ल गाईड होतीस, दोर आणि गाठी शिकून सुट्टीत इथे येऊन आमचे हात खाटेला बांधायचीस. नावेचा नांगर कसा टाकतात ते लिही. पण उपाय एका हाताने जमेल असा सांग. दुसऱ्या हातात गळ असतो.

तुझा
शामदादा

---

नागपूर
२५ फेब्रुवारी १९७९

ती. शामदादास सादर नमस्कार.

तुझे पत्र आले आणि मी चहा गार होईपर्यंत ते धरून बसले. आसगावचा तलाव मी एकतीस वर्षांत पाहिलेला नाही, पण पाळीवरची चिंच आणि तिच्याखालचा कपडे धुण्याचा दगड अजून डोळ्यांपुढे आहे. मामी मला म्हणायच्या, "कान्व्हेंटची पोर, पाण्यात पाय टाकाले इंग्रजीत परवानगी मागते काय?"

नांगराचे म्हणशील तर आम्हांला सिस्टर बेनेडिक्टा दरवर्षी एकदा तळ्यावर नेत. नाववाला दोराला दगड बांधून टाकायचा आणि दोर आपल्याजवळ, नावेच्या मधोमध गुंडाळून ठेवायचा. तूही तसेच कर. घरातला एखादा जुना जड दगड घे आणि दोर मधल्या फळीला, तुझ्या हाताशी बांध, म्हणजे उठावे लागणार नाही.

एक विचारू? नत्थू काय करतो? आपल्या लहानपणी ढिवर लोक बांबू चिखलात रोवून त्याला डोंगा टेकवायचे. तूही करायचास. मग दगड कशाला?

तुझी
लीला

---

आसगाव
११ मार्च १९७९

चि. लीलास आशीर्वाद.

तुझा उपाय उत्तम. सीताच्या जात्याची खालची तळी परसात पडून होती. वरची तळी फुटली तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. तिच्या मधल्या भोकातून दोर घातला. नत्थू हसला. म्हणाला, "मास्तर, बाईचं जातं पाण्यात टाकून राहिले, बाई वरून पाहून राहिली असंल." मी म्हटले, पाहू दे. तिला मासे आवडायचे.

बांबूचे म्हणशील, तर मी खोल पाण्यात जातो. तिथे बांबू पुरत नाही.

प्रकृती ठीक. दोन मरळ मिळाल्या. एक नत्थूला दिली.

शामदादा

---

मोहाडी
२० एप्रिल १९७९

आत्याबाईंना मंदाचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिले नाही, चुकले तर समजून घ्या. आमच्या घरच्यांना सांगून लिहीत नाही.

मागल्या रविवारी आम्ही आसगावला गेलो. बसमधून उतरून तलावाच्या पाळीने येत होतो तर मामाजींचा डोंगा मधात आडवा झालेला आणि मामाजी त्याला धरून पाण्यात. नत्थूकाका कपड्यांसकट पाण्यात उतरले आणि चालतच गेले. पाणी त्यांच्या छातीला लागले. मामाजींना खांद्याशी धरून आणले. मी रडाले लागली तर मामाजी मलेच म्हणतात, "कायले घाबरून राहिली? आंघोळ झाली." नत्थूकाका म्हणाले, वारा आडवा आला, दगड गाळात फसला, निघेना. मामाजींनी ओढला तर दगड वर नाही आला, डोंगाच खाली गेला. शेवटी त्यांनी विळ्याने दोर कापला. जातं तिथंच राहिलं.

हे खूप रागावले. म्हणतात, डोंगा नत्थूकाकाले परत द्यायचा आणि बाबांना मोहाडीले आणायचं, आता विचारायचं नाही. मामाजी तेव्हापासून बोलत नाहीत. ते फक्त तुमचं ऐकतात. म्हणून तुम्ही लिहा, चला म्हणून. पण खरं सांगू, तिकडे आमच्या दोन खोल्यांत ते दिवसभर कुठं बसतील, हे मलेही समजत नाही.

अजून एक. मी त्यांच्या चार सदऱ्यांना बटणं लावून दिली होती. चारही पेटीतच आहेत, घडीही मोडली नाही. डोक्यातून घालायची बंडी घालतात. विचारलं तर म्हणतात गरम होते. होळीच्या आधीपासून गरम होते काय हो आत्याबाई?

तुमची
मंदा

---

नागपूर
२६ एप्रिल १९७९

ती. शामदादास सादर नमस्कार.

मंदाचे पत्र आले. तिच्यावर रागावू नकोस. रागवायचे तर माझ्यावर रागाव. दोर मधल्या फळीला बांध, असे मीच लिहिले होते.

पत्र वाचल्यावर मी न्हाणीघरात घंगाळ भरले, साबणाची डबी पाण्यात सोडली, तिच्या मधोमध दोरा बांधला आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कुलूप. मग पुठ्ठ्याने वारा घातला. डबी आडवी झाली, एका कुशीवर कलली आणि पाणी प्यायली. मग दोरा डबीच्या टोकाला बांधला आणि पुन्हा वारा घातला. डबीने आपले तोंड वाऱ्याकडे केले आणि शांत उभी राहिली. शेजारच्या बाई दारात येऊन पाहत होत्या. सिस्टरांचा नाववाला निवांत तळ्यात, वारा नसताना, आठ मुलींच्या रुंद नावेत बसलेला होता. मी तेवढेच पाहिले आणि तुला उपदेश केला.

आता माझे ऐक. नत्थूच्या छातीएवढे पाणी होते म्हणे. तिथे बांबू पुरतो, शामदादा. बांबू रोवायला आणि उपसायला दोन हात लागतात. सुतळीची गाठ सोडायलाही दोन हात लागतात. सदऱ्याची बटणे लावायलाही. आणि तू मला पहिल्याच पत्रात लिहिलेस, एका हाताने जमेल असे सांग.

डावा हात कधीपासून?

तुला तलावावरून उठवायला मी लिहीत नाही. मंदाने तसे सांगितले होते, पण मी तसे लिहिणार नाही. सोबत चित्र काढून पाठवते आहे. डोंग्याच्या दोन्ही टोकांना एकेक कडी ठोक. त्यांतून एक दोर फिरता ठेव, रहाटावर फिरतो तसा, तुझ्या कुशीला लागून. त्या दोराला एक लहान कडी पक्की बांध. बसल्या जागेवरून एका हाताने दोर ओढलास की ती कडी टोकाकडे जाईल, तुला सरकत जावे लागणार नाही.

आणि दगड उचलायचाच नाही. आपण दोघांनी इथेच चूक केली. जे खाली टाकले ते घरी परत आणलेच पाहिजे असे धरून चाललो. जाते गाळात रुतून बसले आहे ना? बसू दे. नत्थूला सांग, त्याला नवा दोर लांब ठेवून बांध आणि वरच्या टोकाला सुका भोपळा. भोपळा पाण्यावर तरंगत राहील. तू तिथे जायचे, भोपळ्याला बांधलेली बारीक दोरी त्या लहान कडीतून घ्यायची, कडी टोकाला पाठवायची आणि दोरीचे मोकळे टोक तुझ्याजवळच्या खुंटीला बांधायचे. वारा वाढला की ते टोक एका ओढीत सोडायचे. दोरी कडीतून निघून जाईल, भोपळा पाण्यावर राहील आणि तू काठाला येशील.

ते टोक ज्या गाठीने बांधायचे, ती गाठ एका हाताने बसते आणि एका हाताने सुटते. ती मला येते. पण तू श्रावणला हाताचे सांगेपर्यंत मी ती पाठवणार नाही.

तुझी
लीला

---

(पोस्टकार्ड)

आसगाव, २ मे १९७९

लीला, तुझी गाठ तुझ्याजवळच राहू दे. मी तुला नांगर विचारला होता. माझी उलटतपासणी घे असे म्हटले नव्हते.

श्यामराव

---

आसगाव
२० मे १९७९

चि. लीलास आशीर्वाद.

माझे कार्ड फाडून टाकले असशील तर बरे. नसशील तर फाड.

संक्रांतीच्या सकाळी चहाचा कप डाव्या हातातून पडला. मला वाटले, हात झोपला आहे. दुपारपर्यंत तो जागा झाला नाही. खांद्यापासून हलतो, पण मूठ वळत नाही. नत्थूला कळले, कारण वल्हे त्यानेच माझ्या हातातून घेतले. त्याला शपथ घातली. तो रोज तेल चोळायचा आणि रोज शिव्या द्यायचा, "पोराले सांगा न जी, काहून जीव टांगून ठेवून राहिले?" मला भीती हाताची नव्हती. श्रावण मला नेईल, ही होती.

गेल्या आठवड्यात श्रावण आला. डोंगा न्यायला बैलगाडीच सांगून आला होता. मी पेटीतला सदरा काढला, अंगात चढवला आणि त्याच्यापुढे उभा राहिलो. म्हटले, "बटणं लावून दे."

तो आधी हसला. मग माझ्या हाताकडे पाहिले आणि हसू गेले. पाचही बटणे त्याने खालून वर लावली. शाळेत जाताना मी त्याची अशीच लावायचो, तो तेव्हा पळायला बघायचा. या वेळी तो हळूहळू लावत होता.

"केव्हापासून?"

"संक्रांतीपासून."

"अन् मले सांगतलं नाही तुम्ही?"

"सांगतलं असतं तर नेलं असतंस."

"नेलंच असतं!" असे ओरडला आणि पाळीवर जाऊन बसला. गाडीवाला बिचारा बिडी ओढत उभा. तासाभराने मी गेलो आणि तुझे पत्र त्याच्या हातात दिले. त्याने चित्र उभे धरले, आडवे धरले.

"आत्यानं साबणाच्या डबीवर पाहिलं म्हणते?"

"हो."

"कुलूप लावून?"

"हो."

मग तो हसला. पण लगेच म्हणाला, "बाबा, मले पोहता येत नाही. तुम्ही पाण्यात पडले तर मी पाळीवर उभा राहून काय करू?" लीला, इतकी वर्षे मी त्याच्या रागाकडे पाहत होतो. त्याला भीती वाटते, हे मला त्या दिवशी समजले.

मी म्हटले, एकदा करून पाहू. तुला पटले नाही तर मीच डोंगा गाडीवर चढवीन. मी तसे कबूल केले आहे आणि ते पाळणार आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने मला भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेले. डॉक्टर म्हणाले, हात थोडाफार येईल, कापडाचा चेंडू दाबत राहा. मंदाने जुन्या लुगड्याचा चेंडू शिवला आहे. हे लिहिताना डाव्या हातात तोच आहे.

कड्या मिळाल्या. पोळ्याला बैलांना घालायच्या पितळी साजाच्या, आता बैल कुठे आहेत? श्रावणने स्वतः ठोकल्या. पुढच्या रविवारी तो येणार आहे. आता गाठ पाठव.

शामदादा

---

नागपूर
२४ मे १९७९

ती. शामदादास सादर नमस्कार.

कार्ड फाडले नव्हते, आता फाडले.

पाकिटात सुतळीचा तुकडा आहे. त्याची लाकडी चमच्याच्या दांड्यावर गाठ बांधून पाठवली आहे. चमचा माझा नेहमीचा आहे, परत हवा. ही सुरगाठच आहे, फक्त खुंटीभोवती आधी दोन वेढे घे, म्हणजे सगळा ताण वेढ्यांवर पडतो आणि गाठ आवळून बसत नाही. मग मोकळ्या टोकाचा दुहेरी फास करून वेढ्याखाली सरकव. लांब टोक ओढले की घट्ट. आखूड टोक ओढले की सगळे सुटते. आखूड टोक नेहमी उजव्या हाताला ठेव. मी डोळे मिटून वीस वेळा एका हाताने बांधली आणि सोडली, मगच पाकीट चिकटवले.

ओली दोरी फुगते म्हणून आधी भिजवून पाहा.

एकाच जागी मासे कसे मिळतील, असे म्हणशील. रोज तिथे कोंड्याचे दोन गोळे टाक. मासे जागा ओळखतात.

आणि दादा, श्रावणला पटले नाही तर दिलेला शब्द पाळ. मला वाईट वाटेल, तरी पाळ.

तुझी
लीला

---

आसगाव
५ जून १९७९

चि. लीलास आशीर्वाद.

चमचा परत पाठवत आहे. सुतळी ठेवून घेतली.

रविवारी नत्थूने पायाने चाचपडून जाते शोधले. "बाई सापडली!" म्हणून ओरडला. दोर बांधला, वर भोपळा. पाळीवर अर्धे गाव. नत्थू म्हणाला, "मास्तरनं जन्मभर पोरायले भोपळे देल्ले, आता तलावाले देल्ला." सगळे हसले. श्रावण हसला नाही.

मी एकटा गेलो. भोपळ्याची दोरी धरली, कडीतून घेतली, फिरता दोर ओढला. कडी टोकाशी गेली, खुंटीला दोन वेढे घेतले, फास सरकवला. बांधताना एकदा चुकलो, दुसऱ्यांदा गाठ बसली. आणि लीला, डोंगा वळला. मी काही केले नाही. वाऱ्याकडे तोंड करून आपणहून उभा राहिला, गाय गोठ्यात दावणीशी राहते तसा. मी गळ टाकला. तासभर डोंगा त्या भोपळ्यामागे होता तिथेच होता.

दहाच्या सुमारास पश्चिमेकडून जोरात वारा उठला. पाणी डोंग्याच्या तोंडावर आपटू लागले. पाळीवरून श्रावणचा आवाज आला, "बाबा! सोडा!" मी आखूड टोक ओढले. एकदाच. दोरी सर्रकन कडीतून गेली आणि वाऱ्यानेच मला काठाला आणून लावले. एकदा वल्ह्याने दिशा धरली, बस.

मंदा ओरडत आली, "मामाजी, तुमचा भोपळा राह्यला न तिकडंच!"

"राहू दे," मी म्हटले. "उद्या लागतो."

श्रावणने डोंगा ओढून चिंचेला बांधला. बराच वेळ तो कड्यांवरून हात फिरवत होता. मग म्हणाला, "पावसाचे चार महिने मोहाडी. तेव्हा तलावाचा काही भरोसा नाही. दिवाळीले मी स्वतः आणून सोडीन. इथं असताना नत्थूकाका पाळीवर असल्याशिवाय डोंगा सुटायचा नाही. कबूल?"

मला आत कुठेतरी नाही म्हणावेसे वाटले. चार महिने, दोन खोल्या. पण पाण्यावर तो भोपळा दिसत होता. मी कबूल म्हटले.

मृग लागायच्या आत निघतो. आता पत्र मोहाडीच्या पत्त्यावर लिही.

शामदादा

---

आसगाव
१२ ऑक्टोबर १९७९

ती. शामदादास सादर नमस्कार.

पत्ता वाचून दचकू नकोस. होय, मी आसगावला आले आहे. मोहाडीहून तू चार महिने जी पत्रे लिहिलीस त्यांत तक्रार एकही नव्हती. मंदाची कढी, श्रावणचे दप्तर, खिडकीतून दिसणारा आठवडी बाजार. पण प्रत्येक पत्राच्या शेवटी, 'भोपळा आता बुडाला असेल.' पाचव्यांदा ते वाक्य वाचले आणि मी पिशवी भरली.

बसमधून उतरून आधी तलावावर गेले. चिंच आहे, धुण्याचा दगड अर्धा पाण्यात आहे. तलाव काठोकाठ भरला आहे. आपण दोर लांब ठेवला होता, पण पुरुषभर पाणी वाढेल असा हिशेब मीही केला नव्हता. म्हणून भोपळा दिसणार नाही, हे मनाशी धरून उभी राहिले.

आणि तो होता, दादा. तलावाच्या मध्यावर, तुझ्या जागी.

नत्थू पाळीवर जाळे विणत बसला होता. मला ओळखले नाही. मी नाव सांगितले तर म्हणाला, "त्या इंग्रजीत पाय भिजवत होत्या, त्या काय?" मी भोपळ्याचे विचारले.

"दोनदा बुडाले आला होता जी. दोनदा पोहत गेलो अन् दोर जोडला."

"एवढ्या पाण्यात? कशाला?"

त्याने जाळ्यावरून मान वर केली नाही. "मास्तरची जागा हाय न ते. बुडू देऊ काय?"

मग लाजल्यासारखे करून त्याने मला आपल्या कडदोऱ्याला बांधलेला सुतळीचा तुकडा दाखवला. त्यावर गाठ होती. माझीच. म्हणाला, मास्तरने जायच्या आधी शिकवली, आता गावात चार डोंग्यांना हीच गाठ आहे. मी ती ओढून पाहिली. एका ओढीत सुटली.

घर उघडून झाडून घेतले आहे. परसात जात्याच्या वरच्या तळीचे दोन तुकडे आहेत, ते मी तुळशीपाशी मांडून ठेवले. श्रावणने दिवाळीचा शब्द दिला आहे. तो मोडणार नाही, तरी मी त्यालाही वेगळे कार्ड टाकले आहे. भाऊबीजेला मी इथेच आहे. बटणांचा सदरा घालून ये. किती तुझ्या हाताने लागली आणि किती मंदाने लावली, ते मी विचारणार नाही.

संध्याकाळी पुन्हा पाळीवर गेले होते. तुझ्या भोपळ्यावर एक निळा खंड्या येऊन बसला होता, वाऱ्याकडे तोंड करून. त्याला सांगितले आहे, आठ दिवसांत जागा रिकामी कर.

तुझी
लीला